पाच मिनिटांचं वळण

अण्णा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी काही बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. जिवंत होतात तेव्हा तुम्हालाही कधी तसं वाटलं नव्हतं, तेव्हा आपली फिटंफाट झाली म्हणायची. आज लिहायला बसले आहे ती कामाच्या निमित्ताने. मी हल्ली रस्ते आखून देते. केडगावात पुणे रस्त्याला एका खोलीचं ऑफिस आहे माझं. पुण्या-मुंबईची माणसं आपापल्या गाड्या घेऊन दोन दिवस घाटांतून हिंडायला निघतात. कुठून चढायचं, कुठून उतरायचं, चहा कुठे बरा मिळतो, कुठल्या वळणावर थांबलं तर दरी दिसेल आणि मागून येणारा टेम्पो अंगावर येणार नाही, हे सगळं मी त्यांना कागदावर लिहून देते. लोकांना याची गरज पडते, हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. तुम्ही असता तर यावर काय म्हणाला असता, याचा मी विचार केला. काहीच म्हणाला नसता. ताट पुढे ओढून जेवायला लागला असता.

या वेळचं काम आठ गाड्यांचं आहे. आळेफाट्यावर जमायचं, ओतूरवरून ब्राह्मणवाड्याकडे चढायचं, कोतूळ, राजूर करत भंडारदऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाटघरच्या कड्यापर्यंत जाऊन माघारी, मग विठे घाट उतरून अकोले, संगमनेर आणि चंदनापुरीवरून परत फाट्यावर. माळशेज मी घेतच नाही, पावसाळ्यात तिथे गाडी लावायला जागा नसते आणि लोक दरीपेक्षा एकमेकांकडेच जास्त बघत असतात. सकाळी पश्चिमेला जायचं आणि दुपारनंतर पूर्वेला यायचं, म्हणजे ऊन दोन्ही वेळा पाठीवर राहतं. दरी शक्यतो डाव्या हाताला यावी, म्हणजे थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. एवढं सगळं जुळवून कागद पाठवला, तर त्यांच्यातल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, सगळं छान आहे, पण हे सगळे घाट आम्ही मोबाईलवर पाहिलेत, कुणी न पाहिलेला एखादा घाट नाही का तुमच्याकडे? होता. राजूरच्या पुढे आत जाणारा, पलीकडे एकच गाव असलेला. नऊ वर्षं मी हा धंदा करते आहे आणि नऊ वर्षं तो घाट टाळते आहे. तुम्ही रोज संध्याकाळी मुक्कामी एसटी घेऊन जायचात तो घाट.

त्या दिवशी जेवताना मी आईला सांगून बसले की उद्या तिकडे रस्ता बघायला चालले आहे. ती शेंगोळे वाढत होती. तिचा हात थांबला नाही, आवाजही चढला नाही. म्हणाली, "मग बघून ये एकदा, कोन हाय ती." बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं तसं. ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. घाटापलीकडे तुमची कुणी बाई आहे असं आईने धरलेलं, आणि ती बाई माझ्या लहानपणापासून आपल्या घरात राहते. तुम्ही आठवड्यातून एकदा घरी यायचात, जेवायचात, झोपायचात, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ड्यूटीवर जायचात. बाकीचे दिवस घाटाकडच्या डेपोत, आणि संध्याकाळी त्या गावाला मुक्काम. आमच्याशी तुमचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे, दार लावा, आवाज कमी करा. आणि येताना तुमच्या हातात असायचं तांदळाचं गाठोडं. घाटावरचा वासाचा तांदूळ, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. आई तांदूळ डब्यात ओतायची आणि फडकं झटकून, घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. कधी हिरवं, कधी डाळिंबी, कधी बारीक चौकडीचं. एकदा मला म्हणाली, "किती लुगडी हायत बघ सटवीकडं. आन मला वर्साला दोन." तिने त्यातलं एक फडकं कधी वापरलं नाही, भांडी पुसायलासुद्धा नाही. तुम्हालाही कधी काही विचारलं नाही.

विचारायला तिने मला पाठवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मी नऊ वर्षांची, मे महिन्याची सुट्टी. पोरगी घाट बघायचा म्हणते, न्या एकदा, असं तिने तुम्हाला सांगितलं, आणि मला मोरीशी ओढून कानात म्हणाली, "कुनाच्या घरी जेवत्यात, तेवढं बघून ये." मी तुमच्या मागच्या आडव्या बाकावर बसले आहे. अंगात नवा झगा आहे, हातात गोळ्यांची पुडी. घाट चढून गाडी पलीकडच्या अंगाला लागते आणि डाव्या बाजूने सगळं एकदम उघडं पडतं. पण खिडकीशी एक दांडगा बाप्या बसलेला, मला काही दिसत नाही. मी म्हणते, "अण्णा, थोडी थांबवा ना, मला खाली बघायचंय." तुम्ही मान न वळवता म्हणता, "गाडी काय तुझ्या बापाची हाय?" कंडक्टरला राहवत नाही. "बापाचीच की हो तिच्या," म्हणतो, आणि सगळी गाडी हसते. तुम्ही हसत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "डायवर, आज थांबायचं न्हाई का?" तुम्ही गिअर टाकता आणि वळण मागे पडतं. मला वाटलं, कुणाला तरी उतरायचं असेल. पुढे मला रडू आलं, रडता रडता उलटी झाली, आणि समोरून परतीची गाडी आली तशी तुम्ही मला त्या गाडीत बसवून दिलंत. गाव मी पाहिलंच नाही. घरी आल्यावर आईने माझा झगा धुतला आणि काही विचारलं नाही.

तर आता, चाळीसहून जास्त वर्षांनी, मी तो घाट स्वतः गाडी चालवत चढले. रस्ता डांबरी झाला आहे, कठडे नवे आहेत. गावात शिरताना मी गाडी अगदी हळू घेतली. ती असेल तर म्हातारी असेल, कशी ओळखायची, ओळखून काय बोलायचं, काही ठरत नव्हतं. पारापाशी एक म्हातारी हिरडे वाळत घालत बसली होती. मी म्हणाले, मी रस्ता बघायला आले आहे, शहरातल्या गाड्या येणार आहेत. मग हळूच विचारलं, पूर्वी इथे मुक्कामी गाडी यायची, तिचा ड्रायव्हर आठवतो का? म्हातारीने हातातले हिरडे खाली ठेवले. "डायवरबाबा? आगं बया, त्यांना कोन इसरंल! लई बोलके. गाडी आली की पोरं आदी त्यांच्याकडं पळायची, गोष्टी आयकायला. घरटी एक दिस जेवायला असायचे. आज हिच्याकडं, उद्या माज्याकडं. माजी भाकर लई आवडायची त्यांना."

मी विचारलं, सगळ्यांकडे? "सगळ्यांकडं. कुनाला न्हाई म्हनून दुखवलं न्हाई. सुट्टीला निघाले की ज्याची जेवनाची बारी, त्यानं तांदूळ द्यायचा. पिशव्या कुठं हुत्या तवा? जुनं लुगडं टराटरा फाडायचं न द्यायचं बांधून." अण्णा, तिथे पारावर बसल्या बसल्या मला आईची पेटी दिसत होती. हिरवं, डाळिंबी, चौकडीचं. सगळ्या गावाची लुगडी होती ती आणि आई जन्मभर एकाच बाईला नेसवत बसली.

मग म्हातारीने ते वळण सांगितलं. "घाटातलं ते वळान हाय ना, तिथं गाडी हुबी करायचेच. पाच मिन्टं. समद्यान्ला खाली उतरवायचे. पोरान्ला म्हनायचे, बघा रं, तुमचं गाव वरून कसं दिसतंय, ताटात वाढल्यावानी. आमी आजूनबी त्याला पाच मिन्टाचं वळान म्हनतो." मी म्हणाले, रोज थांबायचे? "रोज. कंदी चुकलं न्हाई." एकदा चुकलं होतं. ते मी सांगितलं नाही. मागून ओरडणाऱ्या माणसाला घरी उतरायचं नव्हतं, रोजची पाच मिनिटं हवी होती, एवढं माझ्या डोक्यात शिरायला आख्खा जन्म गेला. दुसऱ्यांच्या पोरांना तुम्ही हाताला धरून दरी दाखवलीत, आणि मी मागितली तेव्हा गाडी सरकारची झाली.

शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, घरच्यांचं काही बोलायचे का? म्हातारीने खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई बया. घरचं काय न्हाई बोलले कंदी. आमाला वाटायचं, मागंफुडं कोनी न्हाई त्यांना. एकदा तर आमी पोरगी बघायचं चालवलं हुतं त्यांच्यासाठी. नुसते हसले न म्हनले, नगं." आणि मग माझ्याकडे नीट बघत, "तुमी वळखत हुता व्हय त्यांना?" मी म्हणाले, नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

परत येताना मला तुमचा जेवढा राग आला, तेवढा तुम्ही असताना कधी आला नव्हता. एखादी बाई असती तर बरं झालं असतं, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. बाई असती तर आईला शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं. माणूस बाईपायी वाया गेला, असं म्हणता येतं, शेजारणींना सांगता येतं, त्यावर रडता येतं. पण बाई नव्हतीच. तुमच्याकडे बोलणं होतं, हसणं होतं, वेळ होता, रोजची पाच मिनिटं होती, आणि त्यातलं काही आम्हाला द्यावंसं तुम्हाला वाटलं नाही. कारण विचाराल तर कारणच नाही. निवृत्त झाल्यावर चार वर्षं तुम्ही ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसून होतात, आई मागून चहा ठेवून जायची. आम्हाला वाटायचं तुमचा स्वभावच मुका आहे. मुका माणूस म्हणून आम्ही तुम्हाला सांभाळून घेतलं हो.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आई दारातच होती. चप्पल काढू दिली, पाणी दिलं आणि समोर बसली. शहात्तर वर्षांची बाई, पण चेहरा असा की निकाल ऐकायला आली आहे. मी गाडीत ठरवून आले होते की खरं सांगायचं. बाई नव्हती, आई, तुझा उगाच गैरसमज. हे वाक्य मी घाट उतरताना दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण त्याच्यापुढचं वाक्य काय? मग ते असे का वागले, असं तिने विचारलं असतं, आणि ती विचारणारच. त्याचं उत्तर मला पारावर मिळालं होतं, ते मी तिच्या पदरात टाकणार नव्हते.

"हाय का?" तिने विचारलं.

"होती," मी म्हणाले. "वारली. बरीच वर्षं झाली."

आई जराशी मागे टेकली. "दिसायला कशी हुती म्हने?"

तेवढा विचार मी केला नव्हता. तोंडाला आलं ते सांगितलं. "दिसण्याचं कुणी बोललं नाही. बोलकी होती म्हणे फार. हसायची. गावातल्या पोरांना जमवून गोष्टी सांगायची. कुणाला दुखवायची नाही."

"तरीच," आई म्हणाली. माझा रिकामा तांब्या जवळ ओढत पुन्हा एकदा म्हणाली, "तरीच." आणि मग उठून स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी ती पोटभर जेवली, अण्णा. मी समोर बसून बघत होते.

आठ गाड्यांचा कागद मी काल पाठवून दिला. त्यात तुमचा घाट घातला आहे. वळणाशी लिहिलं आहे, गाड्या डाव्या हाताला घ्या, पाच मिनिटं थांबा, मुलांना उतरवा. येताना मीही थांबले होते तिथे. पाहण्यासारखं आहे, तेवढं तुमचं बरोबर होतं. तुमचं नाव कागदावर कुठेही नाही.

आणि हे पत्रही घरात ठेवण्यासारखं नाही, आई सावकाश का होईना, वाचते. ओट्यावर तिचं काम मांडलं आहे. पेटीतली सगळी फडकी तिने परवा बाहेर काढली. "मेली ना? मग ठिवून काय करू. मऊ हायत," म्हणाली, आणि त्यांची गोधडी शिवायला घेतली. हिरव्याशेजारी डाळिंबी, डाळिंबीशेजारी चौकडीचं, एका बाईची लुगडी समजून ती नीट लावत बसली आहे. तिला आता सुईचं नेढं दिसत नाही. दोरा मीच ओवून देते.