लाजर अजून कबरेतच

५ नोव्हेंबर १९७१, शुक्रवार
संध्याकाळी पाळकसाहेबांकडे प्रार्थनासभा. विषय जणू माझ्यासाठीच काढलेला. यरुशलेमचा पडका कोट लोकांनी बावन्न दिवसांत पुरा केला. तुमच्या हातून ज्याने चांगलं काम सुरू करवलं, तो ते शेवटास नेईलच. ‘नेईलच’ म्हणताना साहेबांनी थेट माझ्याकडे पाहिलं. आमची सौ. शरयू म्हणते, तुमच्या मागे घड्याळ होतं.

घरी येऊन कॅलेंडरवर मोजलं. आजचा धरून बावन्नावा दिवस २६ डिसेंबर, रविवार. नेमकं त्याच दिवशी आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं नाताळचं कीर्तन! याला योगायोग म्हणेल त्याची श्रद्धा कमी.

निश्चय : ‘लाजर-आख्यान’ त्या दिवशी पुरं. आमचा कीर्तनाचा गवई अंबादास गाईल. बेथानी गावचा लाजर मरतो, प्रभू चौथ्या दिवशी कबरेपाशी येऊन हाक मारतो, तो उठून बाहेर येतो, एवढी कथा. माझा लाजर तीन वर्षांपासून आत आहे. बावन्न दिवस म्हणजे खरं तर जास्तच झाले.

८ नोव्हेंबर, सकाळी ६
पान ३१ वर लाजराच्या बहिणीची, ‘मरीया’ची री पुसट आली. फेअर कॉपी पुन्हा पान एकपासून. शरयूला यात काय कळणार! तीस वर्षं तोफांचे गाडे बनवणाऱ्या फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो मी, ड्रॉइंगची शाईत नक्कल उतरवणारा. ट्रेसिंगच्या कापडावर शाईचा एक थेंब पडला की अख्खी शीट रद्द, पहिल्या रेघेपासून परत. आणि कच्चं ड्रॉइंग ऑफिसच्या दाराबाहेर कधी जात नसे. तोफेच्या गाड्याला एवढी शिस्त, मग प्रभूच्या कामाला नको?

एकच पान बदला, असं ती म्हणाली. एक पान बदललं की अक्षराचा वाण बदलतो. जोड दिसतो.

११ नोव्हेंबर
अंबादास येऊन गेला. दोन गल्ल्या चालून आला आणि ओट्यावर दहा मिनिटं नुसता बसला. छत्तीस वर्षं फॅक्टरीच्या लोहारशाळेत घण मारलेला माणूस. आता छाती भात्यासारखी वाजते. पण आवाज! वीस वर्षं आमचं कीर्तन त्याच्यावर उभं आहे. आल्या आल्या नेहमीचाच सवाल : काहून भाऊ, निघाला का लाजर बाहेर?

मी नवीन भाग ऐकवला. लाजराचं बालपण. शास्त्रात नाही, पण असणारच ना. चाळीस ओव्या झाल्या. तो पाटी घेऊन शाळेत जातो, गुरुजी कविता म्हणवून घेतात. लिहिताना लहानपणची शहपुऱ्याची शाळा डोळ्यांपुढे आली. दुपारच्या वेळी साठ पोरं एका सुरात कविता म्हणत, कौलांवरची कबुतरं उडत. मला पहिलं बक्षीस होतं पाठांतराचं. ते दिवस.

अंबादासने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, बेथानीत मराठी शाळा होती का भाऊ? मग हसला, मग खोकला. हसण्यापेक्षा खोकला लांब चालला.

१९ नोव्हेंबर
काही नाही. शेजारच्या वर्कशॉपात दिवसभर पत्रा ठोकून राहिले. गोहलपुरासारख्या ठोकाठोकीच्या मोहल्ल्यात राहून काव्य करणं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय निब फाटलं. शिवाय प्रेरणेची वाट पाहणं ही आळसाची नव्हे, नम्रतेची गोष्ट आहे. शरयूला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, नम्रपणे भाजी तरी आणा.

४ डिसेंबर, शनिवार
कालपासून लढाई. रात्री ब्लॅकआउट. फॅक्टरीत डबल शिफ्ट लागली म्हणे. आता जुन्या ट्रेसरांना बोलावणं येणारच. एवढी ड्रॉइंग्ज कोण करणार, कालची पोरं? रेघा मारायची रूलिंग पेनं काढून कोमट पाण्यात धुतली, शर्टाला इस्त्री करून ठेवली. आख्यान तूर्त बाजूला. देशाची हाक आधी.

७ डिसेंबर
पोस्टमन आला, आमच्याकडे थांबला नाही. शरयू म्हणते, रिटायर होऊन तुमाले अकरा वर्षं झाली, तिथं तुमचं नाव ओळखणारा चपराशीही उरला नसन. असेल. पण एक बरं झालं, वेळ मोकळा झाला. ब्लॅकआउटमुळे संध्याकाळी लिहिता येत नाही, एवढंच. सकाळी डोळे जड असतात.

९ डिसेंबर
अंबादास आठवडाभर अंथरुणावर आहे. मला कोणी सांगितलं नाही. (शरयू म्हणते, तिने दोनदा सांगितलं.) भेटून आलो. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय. तरी उशीला टेकून त्याने माझी, लाजराच्या दुसऱ्या बहिणीची ओवी म्हटली :

मार्था चुलीपुढे बसे ।
धूर डोळ्यांत शिरतसे ।
दारी कोण आला असे ।
कळेना तिला ॥

तिसऱ्या ओळीत श्वास तुटला. थांबून पुन्हा तिथूनच धरली. त्याच्या घरच्या, पुष्पावहिनी, पदराआड तोंड करून उभ्या. मग तो म्हणाला, भाऊ, आता लाजराले उठवायचं द्या. मले चाल बसवाले चार दिवस तरी लागन.

वचन दिलं. घरी येताना पावलं तरुणासारखी पडत होती.

१३ डिसेंबर, दुपार
आली! सकाळी पाठकोऱ्या कागदावर एका बैठकीत अकरा ओव्या. प्रभूची हाक, धोंड सरकते, लाजर गुंडाळलेल्या हातापायांनी उंबऱ्यापाशी येतो. तीन वर्षं मी उगीच भीत होतो. नेईलच म्हणाले होते ना साहेब!

आता फेअर कॉपी, की झालं.

१४ डिसेंबर, मंगळवार
पुष्पावहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, भाऊजी, हे सारखं विचारून राहिले, जसं असन तसं द्या म्हणे, चार ओळी असल्या तरी चालन. शरयू आतून म्हणाली, द्या नं तो कागद.

तो कागद? खाडाखोड, मागच्या बाजूला किराण्याची यादी! कच्चं बाहेर देत नाही मी. वहिनींना सांगितलं, गुरुवारपर्यंत पक्की प्रत घेऊन मीच येतो. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाला तेव्हा प्रभूही दोन दिवस आहे तिथेच थांबला होता, हेही सांगितलं. त्यांना धीर आला असावा. पदर सावरून निघाल्या.

१५ डिसेंबर
पान २२. ‘बेथानी’वर डाग. शाईचा नव्हे, चहाचा. शरयूने कप ठेवला. मुद्दाम ठेवला असं मी म्हणत नाही. परत पान एक.

१६ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळ
रेडिओवर बातमी. शत्रूने शस्त्रं खाली ठेवली. गल्लीत ढोल, फटाके, अनोळखी माणसांनी पेढा तोंडात कोंबला. अशा दिवशी घरात बसून अक्षर गिरवणं हा देशद्रोह झाला असता. पान ९ वर थांबलो. उद्या सकाळी अंबादासकडे जाऊन सांगतो की आणखी दोन दिवस. आजच्या बातमीने त्यालाही हुशारी आली असेल.

१७ डिसेंबर
सकाळी गेलो. दारात चपला होत्या. पाच वाजता गेला, म्हणाले. फटाक्यांनी रात्रभर झोपला नव्हता, पहाटे जरा डोळा लागला आणि तसाच.

मी विचारलं, माझी आठवण काढली का? पुष्पावहिनी म्हणाल्या, बुधवारी काढली. गुरुवारी येतो म्हणाला नं भाऊ, असं म्हणत होते. काल दिवसभर दाराकडं तोंड करून होते.

संध्याकाळी माती दिली. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा पाठ वाचला. घरी आल्यावर पाय धुताना शरयू म्हणाली, प्रभू दोन दिवस थांबला, काहून की त्याले उठवता येत होतं. तुमाले येते का?

१९ डिसेंबर
काही नाही.

२२ डिसेंबर
फेअर कॉपी चालू. पाळकसाहेब आले होते. कीर्तन रद्द करू नये, अंबादासच्या जागी तुम्हीच वाचा म्हणाले. सुरू केलेलं काम तो शेवटास नेईलच. या वेळी माझ्याकडेच पाहत होते, मागे भिंत होती.

पान ३९ पर्यंत आलो. एक डाग नाही. पुढे तो पाठकोरा कागद. शरयूने विचारलं, उतरवत काहून नाई? म्हटलं, शाई संपली.

शाई आहे.

२६ डिसेंबर, रविवार. बावन्नावा दिवस
चाळीसेक माणसं. निम्म्यांची पोरं, इथल्या हिंदी मुलखात वाढलेली, हिंदीतच कुजबुजत होती. पेटीवर नुसता सूर धरलेला. मला गाता येत नाही, वाचलं. मार्थेच्या चुलीला बाया हसल्या. शाळेच्या भागात दोन म्हातारे डोळे मिटून माना डोलवत होते. एकदा मीही हरवलो. मग लाजराचं दुखणं, मग मरण, मग धोंड. पान ३९ संपलं.

पाठकोरा कागद घरी टेबलाच्या खणात.

लोक वाट पाहत होते. पेटीवाल्याने सूर सोडला नाही, त्याला वाटलं मी पान उलटतोय. पुढच्या रांगेत पुष्पावहिनी, पांढऱ्या लुगड्यात. मी म्हणालो, मग प्रभूने हाक मारली आणि तो बाहेर आला. एवढंच. कोणीतरी आमेन म्हटलं. पेटी थांबली.

नंतर चहा. वहिनी कप घेऊन माझ्याकडे आल्या. हळूच विचारलं, भाऊजी, उठवायचं एवढंच होतं? यांना तर वाटे, ते लई मोठं असन. रोज म्हणत, मले तेवढा श्वास पुरन का.

मी म्हणालो, पुरला असता.