राखीला सांगू नको

हूफडॉर्प, नेदरलँड्स, नोव्हेंबर २०२१

राखीताई, सप्रेम जयभीम.

काल इथल्या हुइसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, माझी कंबर तपासली आणि विचारलं, "हातातून वस्तू पडतात का?" कंबरेचे मणके झिजले की पुष्कळदा मानेचेही झिजलेले असतात, म्हणाला; मानेत नस दबली की हात आणि पाय दोन्ही जातात, मग नुसतं कंबरेचं ऑपरेशन करून उपयोग नसतो.

मला आई आठवली. लॉकडाऊनमध्ये तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालं, तरी पाय सुधारले नाहीत, आणि शेवटी बाथरूममध्ये पडून ती गेली. तू अजून म्हणतेस, डॉक्टर निवडताना मीच चुकले.

तू चुकली नाहीस, ताई. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी आई मला व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "हातातून कप सुटतो रे. ब्लाउजची हुकं लागत नाहीत. राखीला सांगू नको, घाबरेल ती." मी म्हणालो, डॉक्टरांनाही सांगू नकोस, उगाच ऑपरेशन पुढे ढकलतील. विमानं बंद होती. मला ते एकदाचं उरकायला हवं होतं.

काल इथल्या डॉक्टरलाही मी 'नाही' म्हणालो. आज सकाळी माझ्या शर्टाची बटणं तुझ्या भावजयीने, प्रणिताने लावली. तिला म्हटलं, ताईला सांगू नको. आता मीच तुला लिहितोय.

तुझा भाऊ,
सुमित