आपापला डबा

गुरुवार, २२ जानेवारी १९९८. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिली. शाळेत सिस्टर अग्नेस सांगायच्या — तक्रार करायची असेल तर आधी तारीख आणि वेळ टाक, रडायचं ते नंतर. टाकली. रडणार नाही.

रावपुऱ्यातल्या आमच्या विमा कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत दोन टेबलं जोडून डबा खायची पद्धत आहे. एकतीस वर्षं मी तिथे काढली, शेवटची नऊ क्लेम विभागाची हेडक्लार्क म्हणून. रिटायर होऊन सव्वादोन वर्षं झाली, तरी दर गुरुवारी घरून, अकोट्याहून डबा घेऊन जातेच. आठवड्याची चौदा जेवणं. त्यातलं हे एक मी माणसांत जेवते. बाकीची तेरा घड्याळाकडे बघत.

आज डबे उघडले. नेहमीसारखं मी म्हटलं, "सरकवा!" — कुणी हललं नाही! जनार्दनने घसा साफ केला. माझ्या जागेवर आता तोच आहे.

"दुर्गाताई, आजपासून आपापला डबा."

सलीलने तर डब्याभोवती हाताचं कुंपणच घातलं. अठ्ठावीस वर्षांचा अधिकारी, आणि परीक्षेत पेपर झाकावा तसा डबा झाकतो! कांचन मान खाली घालून पोळीचे तुकडे करत बसली. खायचं नावच नाही. शिपाई जशुभाई पाण्याचा जग भरायला गेला. जग भरलेला होता.

"का?" मी विचारलं.

"असंच."

असंच! मी नोकरीत असते तर या एका शब्दावर मेमो दिला असता.

माझी मेथीची भाजी मीच खाल्ली. आणि विचित्र काय — चौघेही माझ्याकडे बघत होते. प्रत्येक घासाला. जशी काही मी आता हवेत उडणार! काय बघत होते?

शुक्रवार, २३ जानेवारी

राग उतरत नाही. सकाळपासून दोनदा देव घासले.

सरकवायची पद्धत माझी. १९७१ साली आमच्याकडे गोविंदराव नावाचे कारकून होते. बायको गेलेली. डब्यात रोज पोळी आणि गूळ, म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मला ते बघवेना. एके दिवशी टेबलावर पट्टी आपटली आणि म्हटलं, प्रत्येकाने आपला डबा डावीकडच्यापुढे सरकवायचा. येईल तो आपला. नियम दोन — आलेल्या डब्यात काही उरवायचं नाही आणि त्याला नाव ठेवायचं नाही. तोंडाने नाही, तोंड वाकडं करूनही नाही.

पहिल्याच दिवशी गोविंदरावांना पुरणपोळी आली. गूळ-पोळी मला आली. मी खाल्ली.

सत्तावीस वर्षं हे चाललं. संपाच्या दिवसांत चाललं. कॉम्प्युटर आले तेव्हा अर्धी कचेरी अर्ध्या कचेरीशी बोलत नव्हती, तेव्हाही डबे मुकाट्याने सरकत होते. आणि आता "असंच"?

दुपारी कांचनला फोन केला. आमची टायपिस्ट, हल्ली कॉम्प्युटरवर बसते. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी.

"ताई, हल्ली प्रत्येकाचं काही ना काही पथ्य असतं ना..."

कुणाचं?

"सगळ्यांचंच."

कसलं?

"ताई, साहेब बोलावतायत हं, ठेवते."

साहेब शुक्रवारी अहमदाबादला असतात! खोटं बोलायलाही माझ्याकडून नीट शिकली नाही.

शनिवार, २४ जानेवारी

खंडेराव मार्केटात गेले. मेथीला वास नाही, कोथिंबिरीला वास नाही. भाजीवालीला म्हटलं, नुसती खतं घालता. तर म्हणते, "माजी, सूंघी तो जुओ!" अगं, हुंगूनच सांगते आहे! चहाचीही तीच गत. पत्तीची कंपनी बदलली, तरी गरम पाणीच.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा जशुभाई. वांग्यांच्या ढिगापाशी सापडला. "केम छो बेन?" मी म्हटलं, मजेत नाही. डबे का थांबवले? "कंई नथी, बेन. साहेबलोकोनी वात." म्हणजे काही नाही, साहेबलोकांचं काम. हात जोडतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो. सरळ विचारून हा बोलणार नाही. मग मी सहज, वांगी निवडता निवडता विचारलं — काल काय खाल्लंस रे जेवायला?

"कांचनबेननुं रींगणनुं शाक. बहु सरस—"

आणि थांबला. मीही थांबले.

कांचनची वांग्याची भाजी! म्हणजे काल डबे सरकले! कांचनचा डबा याच्यापुढे आला. रोज सरकतात. फक्त गुरुवारी नाही.

"बेन, में कंई नथी कीधुं," मी काही सांगितलं नाही, म्हणत बिचारा वांगी न घेताच गेला.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. पुढच्या चौकात झेंडा, लाउडस्पीकर. विचार करायला भरपूर वेळ. नको इतका.

माझा गुन्हा कोणता? दिवाळीनंतर सलीलच्या एका पत्रातल्या तीन चुका लाल शाईने दाखवल्या. त्याने मागितलं नव्हतं. जनार्दनला म्हटलं, फायलींवर धूळ आहे की धुळीवर फायली? कांचनच्या नव्या केशरचनेबद्दलही काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, तिला आठवत असणार.

पण हे तर मी तीस वर्षं करते आहे!

की एवढंच आहे — बाईंनी आता येऊ नये? तोंडावर कोण सांगणार, म्हणून ही युक्ती? आपापला डबा. पुढे आपापलं घर.

तसं असेल तर मला कळायला हवं. राग नंतर बघू. आधी कारण.

मंगळवार, २७ जानेवारी

जाऊन पाहिलं. स्वतःच्या कचेरीत चोरासारखी!

दीड वाजता मागच्या जिन्याने वर गेले. रेकॉर्डच्या खोलीच्या दाराला वर काच आहे, टाचा उंचावल्या की दिसतं. डबे उघडलेले. जनार्दनने टेबलावर स्टेपलर आपटला आणि ओरडला, "सरकवा!" — अगदी माझ्या आवाजात, शेवटचा 'वा' मी लांबवते तसाच! सगळे हसले. डबे सरकले.

चेष्टा होती का? नीट बघत राहिले. चेष्टेचं हसणं मला ओळखू येतं, कॉन्व्हेंटमध्ये त्याचंच शिक्षण जास्त मिळालं. हे तसं नव्हतं. आणि माझी खुर्ची टेबलाशी लावलेली होती. रिकामी. चौघेच जण, कागदांचे गठ्ठे ठेवायला जागा नाही, गठ्ठे जमिनीवर, तरी खुर्चीवर काही नाही.

खुर्ची ठेवायची आणि डबा नाकारायचा? हे कसलं गणित?

उतरताना मागे कुणीतरी दार उघडलं. सलील असावा. मी वळून बघितलं नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

कचेरीत गेले नाही. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

काल संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात जनार्दन आणि कांचन. सलीलने मला जिन्यावर पाहिलं होतं, त्याने सांगितलं असणार. मी दार अडवूनच उभी राहिले.

"या. आपापला चहा आणलात ना?"

वाक्य दुपारपासून तयार होतं! कुणी हसलं नाही. कांचनने एकदम नाकाला पदर लावला.

"ताई, गॅस!"

"कसला गॅस?"

आत अंधारायला लागलं होतं. ही काय नाटकं करते ते दिसावं म्हणून मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला — आणि जनार्दनने माझं मनगट पकडलं. बावीस वर्षांत या माणसाने माझ्यापुढे आवाज चढवलेला नाही. काल ओरडला.

"बटणाला हात लावू नका!"

मला त्याने ओढतच जिन्यात आणलं. कांचन गॅस बंद करायला श्वास धरून आत धावली. खिडक्या उघडल्याचा आवाज आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. अर्धा तास तरी.

"अहो, तुम्हाला वास आला नाही?" जनार्दन विचारत होता. "एवढा वास! आता जिन्यातही येतोय!"

मला काहीच आलं नव्हतं. आताही येत नव्हतं. तसं मी सांगितलं. तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कांचन जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली.

"ताई, डिसेंबरपासून तुमचा डबा..."

"काय माझा डबा?"

ती पदराने डोळे पुसत बसली.

"बोल ना!"

"नाव ठेवायचं नाही ना, ताई."

"ठेव!" मी म्हटलं. "मी सांगते आहे, ठेव नाव!"

मग तिने सांगितलं. दाण्याचं कूट खवट. वालपापडीवर घातलेला नारळ बिघडलेला. आठ जानेवारीचा उंधियू आदल्या दिवशीचा होता, तो सलीलपुढे सरकला. झाकण उघडताच सगळ्यांना वास आला. मला सोडून. त्याने उरवला नाही. माझा नियम! दोन दिवस सलाइनवर होता, आणि मला सांगितलं काय — पतंगाच्या मांजाने बोट कापलं, म्हणून रजा.

"मग चौघांनी मिळून ठरवलं," जनार्दन म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "तुमचा डबा तुम्हीच खाल्लात तर तुमचं तुम्हाला कळेल. आम्हाला बोलावं लागणार नाही. तुम्हाला एकटीलाच वेगळं पाडायचं नाही, म्हणून सगळ्यांचेच बंद. गुरुवारपुरते."

"आणि तुम्ही ती मेथी सगळी संपवली, ताई!" कांचन म्हणाली. "तेल इतकं खवट होतं, टेबलाच्या या टोकाला वास येत होता. तुम्ही शांतपणे खात होतात. आम्हाला काही सुचेचना."

चार शहाणी माणसं, सात पदव्या — आणि ही योजना! कचेरीत हाच कारभार चालतो. मला हसू आलं. नंतर आलं नाही. ही माणसं माझ्या तोंडाला इतकी भितात की सलाइन घेतील पण बोलणार नाहीत. आणि मी एकटी राहते, रोज चार वेळा काडी ओढते.

त्यांना माझी काळजी नव्हती, असंही म्हणायची सोय नाही. कांचन म्हणाली, पंधरा दिवस रोज सकाळी दहाला कुणी ना कुणी माझ्या घरी फोन करत होतं. मी उचलला, म्हणजे ठीक आहे, एवढं कळलं की ठेवून देत. मी टेलिफोन खात्याला दोनदा तक्रार केली होती!

आज कांचनने अर्धी रजा टाकून मला अलकापुरीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, मुलगाच म्हणायचा. डोळे मिटायला लावले आणि नाकाशी एकेक बाटली धरली. ही कॉफी? काही नाही. लवंग? काही नाही. कापूर?

"बाटली रिकामी आहे," मी म्हटलं.

रिकामी नव्हती. कांचनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, कापराने.

डिसेंबरात मला मोठी सर्दी झाली होती. डॉक्टर म्हणाले, काही जणांचा वास तिच्याबरोबर जातो. खारट-गोड जिभेला कळतं, बाकी चव नाकाची असते. परत येईल? "काहींचा सहा महिन्यांत येतो, आंटी. काहींचा येत नाही."

गॅसचा रेग्युलेटर जनार्दन काढून घेऊन गेला आहे. न विचारता. विजेची शेगडी सलील आणून ठेवून गेला, दारातूनच. "मॅडम, वापरायची कशी ते लिहून ठेवलंय." चिठ्ठीत एक चूक होती. लाल शाई काढली नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी साडेअकरा.

कचेरीला पत्र दिलं. जशुभाईच्या हातात, पोच घेऊन. नक्कल ठेवते —

"डब्याला नाव न ठेवण्याचा नियम मी केला होता, मीच रद्द करत आहे. येत्या गुरुवारी, ५ फेब्रुवारीला, माझा डबा पुन्हा सरकेल. ज्याच्यापुढे येईल त्याने झाकण काढून आधी वास घ्यावा आणि असेल ते सगळ्यांदेखत, मोठ्याने, माझ्या तोंडावर सांगावं. मी रागावेन. तरी सांगावं. मला एकटीला आता हे जमत नाही. चौघांपैकी कुणाला मान्य आहे आणि कुणाला नाही, ते प्रत्येकाने स्वतंत्र सहीने लेखी कळवावं — बुधवार, ४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत."