सुंदराचे डोळे

सपना,

तू आंघोळीला गेली आहेस. दार वाजवून सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते. समोरची सुंदरा पहाटे गेली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू नेत्रदानाचं समजावत होतीस, तेव्हा तिनेच पहिला हात वर केला होता. आणि मी, तुझी सासू, सगळ्यांदेखत म्हणाले, “डोये देऊन पुढच्या जन्मी आंधयी येशीन काय वं?” बायका हसल्या. तिने हात खाली घेतला. तू आत गेलीस ती पुन्हा बाहेर आली नाहीस.

आता तिच्या नवऱ्याला, टिकारामला, डोळे देण्याचं विचारलं, तर तो म्हणाला, “तुमीच त सांगतलं होतं, काकू.” माझी मान वर होईना. ती नवरी होऊन आली तेव्हा तिच्या डोळ्यांत काजळ मीच घातलं होतं.

सावंगीला नेत्रपेढीत फोन करून ठेव, वेळ थोडा असतो. मी परत तिकडे जाते. पंखा बंद करते, पापण्यांवर ओला कापूस ठेवते. तू सांगत होतीस ते सगळं मी ऐकलं होतं. मी खोटं बोलले, हे त्याला त्याच बायकांसमोर सांगते.

तरीही तो नाहीच म्हणाला, तर त्याला काही बोलू नकोस. मला बोल.

आई