खळगे बुजवणारी माझी आत्या

प्रिय आत्या,

काल माझ्या रुचाची जिल्ह्याच्या गोल्फ संघात निवड झाली. घरात सगळ्यांना सांगून झालं, तरी कुणाला तरी सांगायचं राहिलंय असं रात्रभर वाटत होतं. म्हणून हे पत्र, तू आता वाचायला नसलीस तरी.

खेळाडूंच्या फटक्यांनी हिरवळीत पडलेले खळगे वीस वर्षं तू वाळू नि गवताचं बी टाकून बुजवलेस. काठी कधी हातात धरली नाहीस. तरी खळगा बघून कुणाचं काय चुकलं ते सांगायचीस. आम्ही हसायचो. मीही हसायचो.

गेल्या वर्षी रुचाचा जवळचा फटका बिघडला. तीस-चाळीस पावलांवरून चेंडू कधी जागीच लोळायचा, कधी भलतीकडे पळायचा. "हे सुधारलं नाही तर संघात नाव नाही," तिच्या गोल्फच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तू शिरगावला आमच्याकडे आलीस. बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर तिने दहा फटके मारले. तू चेंडूंकडे पाहिलंच नाहीस, वाकून माती चाचपलीस.

"पोरी, चेंडू इथं होता ना? मग त्याच्या मागची माती का उकरलीस?"

"चेंडू उचलायचा असतो, आत्याआजी."

"त्याला काठी उचलते. तिचं तोंड तिरकं कशाला केलंय? तू चेंडूच्या पुढची माती खरवड. नि मध्येच घाबरून हात आखडू नको."

"तुला कसं माहीत?"

"चांगल्याचा खळगा पुढं नि भाकरीएवढा पातळ. वाईटाचा मागं नि ही विहीर! बुजवून कंबर गेली माझी, मला नाही तर कुणाला माहीत?"

महिनाभर रुचा चुन्याची रेघ ओढून रेघेच्या पुढचीच माती काढत राहिली. सरांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हणालो, "ओळखीच्या एक बाई आहेत." का म्हणालो असं? तुझं काम सांगायची मला लाज वाटली, दुसरं कारण सापडत नाही. आणि तू विचारलंस, "सरांना माझं नाव सांगितलंस का रे?" मी "हो" म्हणालो. तुला खरंच पटलं होतं का ते? तेव्हाच झापायचं होतंस मला.

काल निवड चाचणीचा शेवटचा फटका, पुढे वाळूचा खड्डा. चेंडू अलगद पलीकडे उतरला, दोन टप्पे घेऊन थांबला. सरांनी पुन्हा तेच विचारलं. मी तोंड उघडण्याआधी रुचा सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी आत्याआजी. मैदानावर खळगे बुजवायची." माझी मान खाली गेली, पण ऊर भरून आला.

मग तिने आपला खळगा स्वतः बुजवला. वाळू जास्तच ओतली, तू ओरडली असतीस.

तुझं नाव मात्र ती बोलली नाही. उद्या संध्याकाळी सरांकडे जातोय. सुमनबाई, माझी सख्खी आत्या, हे मी सांगणार. तुला दिलेलं ते "हो" उशिरा का होईना, खरं करीन.

तुझा,
विलास