ताटातलं मीठ

साउथहॅम्प्टन, ५ नोव्हेंबर २००६

पोचले एकदाची! वरदा विमानतळावर घ्यायला आली होती. गळ्यात पडून म्हणाली, मावशी, तू खरंच आलीस? म्हटलं, मग काय माझं भूत आलंय? बहिणीची लेक ही. आई गेल्यापासून माझ्याच हातचं खाऊन वाढली, आता इथल्या युनिव्हर्सिटीत एमएस्सी करतेय. पण पोरगी वाळून खारीक झालीय. टोस्ट आणि डब्यातल्या बीन्सवर दिवस काढते! आल्याआल्या पिठलं टाकलं, तर फोडणीच्या धुरानं छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. ती खुर्चीवर चढून फडकं हलवतेय, मी खालून सूचना देतेय. दोघी हसून बेजार.

घर चिंचोळं. वर दोन खोल्या, एकीत आम्ही. दुसरी कायम बंद.

८ नोव्हेंबर

बंद खोलीत खुर्ची सरकते. वरदा म्हणते, असेल कुणी स्टुडंट. इथे कुणी कुणाची चौकशी करत नाही, प्रायव्हसी असते. जळली मेली ती प्रायव्हसी! भिंतीपलीकडे कुणाचं लेकरू उपाशी, आणि आपण आमटीचे भुरके मारायचे? ती लेक्चरला गेल्यावर त्या दाराशी ताट ठेवलं. वरण-भात, फ्लॉवरची भाजी, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ. कडी वाजवून म्हटलं, जेव रे बाळा.

संध्याकाळी ताट चाटूनपुसून लख्ख. मीठ तेवढं जागच्या जागी.

१७ नोव्हेंबर

रोज ताट संपतं, रोज मीठ उरतं. ब्लडप्रेशर असेल बिचाऱ्याला, म्हणून सोडून दिलं. पण आता वरदाही भाजीत मीठ नको म्हणते. पानातलं बोटानं बाजूला सारते. लेक्चर बंद. दिवसभर त्या दाराला पाठ लावून बसते. संतापले मी. म्हटलं, शिकायला आलीस की दार राखायला? हसली.

हसणं तिचं नव्हतं.

२३ नोव्हेंबर

घरमालकीण पामेलाबाई आल्या. माझं इंग्रजी पेपर वाचून वाचून जमवलेलं, पण रागात फाडफाड निघालं. खोलीत कोण आहे? आधी म्हणाल्या, रिकामी आहे. मी वाट अडवून उभी. मग बाई पांढऱ्या पडल्या. त्या खोलीत पूर्वी दूरदेशचा एक विद्यार्थी राहत होता. नाताळच्या सुट्टीत सगळे घरी गेले, तो राहिला. आजारी पडला. सुट्टी संपेपर्यंत कुणी दार वाजवलं नाही, तोवर तो एकटाच आत गेला होता, उपाशी. शेजारच्याच घरात राहून या पामेलाबाईनंही नाही. तरी तेच घर माझ्या वरदाला दिलं! का, तर परदेशातली पोरं, विचारायला कोण येतंय?

म्हटलं, मी आलेय ना, भवाने!

किल्ली टाकून पळाली. आणि मी? मी त्याला रोज हाक मारून जेवू घालत होते.

२४ नोव्हेंबर

ताट बंद केलं. दुपारी वरदा त्या खोलीत गेली. किल्ली फिरते, दार हलत नाही. आतून तिच्याच आवाजात उत्तर येतं, एकट्याला घास उतरत नाही.

अरे मुडद्या! तुझ्या आईचा जीव कसा तळमळला असेल, कळतं मला. आतडं तुटतं. पण पाप त्या बाईचं, आणि धरतोस माझ्या लेकीला?

२५ नोव्हेंबर

दोन ताटं वाढून दाराशी बसले. सांगितलं त्याला— तिला सोड. तिचं सगळं व्हायचंय, माझं झालंय. सोबतच हवी ना? मी बसते तुझ्या पंगतीला.

दार उघडलं.

२६ नोव्हेंबर

वरदा खाली आलीय! पुस्तकं काढलीत. आत्ता जेवायला बसली, पहिल्याच घासाला तोंड वाकडं— मावशी, आमटी अळणी झालीय गं, मीठ दे की!

मीठ मागितलं पोरीनं. रडूच फुटलं.

पण अळणी? उभ्या जन्मात मीठ विसरले नाही मी—

बरणी पुढ्यातच आहे. हात जात नाही. किती रेटते, तरी—

वर खुर्ची सरकली. दुसरीही.

वरदा, बाळ, तुझं तूच घे गं. आणि परीक्षा दे. मला वर कुणीतरी जेवायला—