सात सेकंदांचं नाव

३ मार्च

नाही उडवणार. लिहूनच ठेवते. नाही म्हणजे नाही!

सकाळी निर्मात्यांचा निरोप आला. 'नामावलीतून संकलकाचं नाव वगळायचं आहे. कारण घरून कळलं असेलच.' पुढे नमस्काराचे जोडलेले दोन हात.

घरून कळलं असेलच! म्हणजे संकलक माझी सख्खी थोरली बहीण आहे हे ह्यांना पक्कं ठाऊक. आम्ही दोघी नऊ महिने बोलत नाही हेही ठाऊक. बरोबर तिथेच बोट ठेवलं. वाटलं असेल, बहिणींचं वाकडं आहे, ही एका पायावर तयार होईल.

चौदा महिने ताईने हा सिनेमा कापला, जोडला, परत कापला. मग ह्यांनी शेवटची चाळीस मिनिटं दुसऱ्याच माणसाकडून बदलून घेतली आणि ताई बाहेर पडली. पडली की पाडली, देव जाणे. आणि आता नावही नको?

'जमणार नाही' एवढंच उत्तर पाठवलं. नमस्कार-बिमस्कार काही नाही.

४ मार्च

निर्मात्यांचा फोन आलाच. ह्या माणसाला मी मनातल्या मनात मधाचं बोट म्हणते. कधी आवाज चढवणार नाही, कधी ऐकणारही नाही.

"मॅडम, एक नाव उडवायला असं काय लागतं हो? एक बटण."

बटण! अहो, मी नामावली हाताने काढते. खालून दिवा लागणारं काचेचं टेबल, त्यावर कागद, सेकंदाला बारा चित्रं. दोन मिनिटं दहा सेकंदांची पंधराशे साठ झाली. माझी मान विचारा त्यांना!

आणि ह्या नामावलीत सगळी नावं एकाच शिरोरेषेखाली आहेत. पडद्याच्या एका टोकातून रेघ निघते ती शेवटपर्यंत तुटत नाही. नावं तिला लटकतात, मग अक्षरं सुटतात, घरंगळतात, आणि त्यांचीच पुढच्या नावाची अक्षरं होतात. छायाचित्रण करणाऱ्याच्या नावातला काना आडवा होऊन ताईच्या नावात शिरतो. ताईची वेलांटी रेघेवरून घसरून खाली येते आणि संगीतकाराच्या नावाचा उकार होते. मधलं एक माणूस उचललंत तर पुढचं माणूस येणार कुठून?

हे सगळं पंधरा मिनिटं समजावलं. म्हणाले, "वा, फारच छान कल्पना! मग कधीपर्यंत उडवताय?"

पालथ्या घड्यावर पाणी.

७ मार्च

आई सध्या माझ्याकडे आहे. एक महिना इथे, एक महिना ताईकडे. दोन्हीकडची खबर तिला असते, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा ह्या दोघी, असं मात्र शेजारणीला सांगत होती. मी ऐकलं.

तिला नावाचं सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? आपलं नाव कोणाला नको असतं?"

"एक फोन करायला बोटं झिजतात का गं तुमची?"

"आधी तिने करावा."

"ती पण हेच म्हणते," आई म्हणाली आणि परत भाजीत डोकं घातलं.

करणार नाही मी. का करू? गेल्या वर्षी तिच्याच हातातल्या एका सिनेमाला मी दीड मिनिटाची नामावली दिली होती. तिने ती चाळीस सेकंदांवर आणली. मला न विचारता! घरी जेवायला बसलो तेव्हा म्हटलं, निदान बहिणीची म्हणून तरी हात आवरायचा होतास. तर म्हणते, "बहीण म्हणून पूर्ण बघितली. प्रेक्षक म्हणून कापली." मी ताटावरून उठले. ती दाराबाहेर पडली. तेव्हापासून हे असं.

आणि तिचं बरोबर होतं, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. चाळीस सेकंदांत ती नामावली जास्त चांगली दिसते.

९ मार्च

ताईचं नाव आज पुन्हा चालवून पाहिलं. सात सेकंद. चौऱ्याऐंशी चित्रं. बोलत नव्हतो तरी सगळ्यांत जास्त मन लावून तेच काढलंय, वहीशी खोटं कशाला बोलू!

१२ मार्च

ऑफिसात बोलावलं होतं. मोठं टेबल, एका बाजूला मधाचं बोट, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक. दिग्दर्शक म्हणजे घुम्या. तीन बैठकांत मी त्यांच्या तोंडून 'हं' सोडून काही ऐकलेलं नाही.

भिंतीवर एक नमुना लावून दाखवला. कुणा दुसऱ्याकडून दोन दिवसांत करून घेतलेला. अगं आई गं! सोनेरी अक्षरं. जाड, फुगलेली. कुठूनतरी भिरभिरत येतात, पडद्यावर आदळतात, चमचम करतात आणि धुरात जातात. शिरोरेषेला मधेमधे फटी, जणू दात पडलेत. असा हळवा सिनेमा, दोन म्हाताऱ्या माणसांचा, आणि त्याच्या तोंडाला ही सर्कस!

"तुम्ही अडून बसलात तर मला हेच लावावं लागेल, मॅडम." आवाज तोच, मधाचा.

"लावा," मी म्हटलं. "खुशाल लावा. माझे सगळे कागद माझ्या घरी, माझ्या कपाटात आहेत. तुमच्याकडे आहे ती नुसती धुरकट चाचणीची प्रत. सगळी नावं जातील, नाहीतर एकही जाणार नाही."

"अहो, पण तुमच्या ताईंनीच—"

"ताईंनीच काय? ताईंनीच भांडण केलं, ताईंनीच काम सोडलं, हेच ना? तिच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही मी! आमचं आम्ही बघू. चौदा महिने राबलेल्या बाईचं नाव पुसायची कोणाची बिशाद आहे ते बघतेच मी!"

घुम्या खाली बघत होता. मी पिशवी उचलली आणि निघाले.

१३ मार्च

काल जिना उतरताना दोनदा पायरी चुकले. पण बोलताना एक शब्द नाही चुकला! तेवढं बस.

१६ मार्च

चार दिवस कोणाचा फोन नाही.

खरं सांगू? भीती वाटतेय. एक वर्ष ह्या कामात गेलं. दुसरं काही घेतलं नाही. ती सोनेरी सर्कस लागली तर माझे पंधराशे साठ कागद कपाटातच पिवळे पडणार. पुढचं काम देताना लोक म्हणतील, हात चांगला आहे हो बाईचा, पण डोकं फिरलेलं आहे.

म्हणू देत. उभी रेघ ओढायला मला ताईनेच शिकवलं होतं. मी सहा वर्षांची, ती अकरा. "श्वास सोडताना ओढ, मग हात हलत नाही." आजही तशीच ओढते. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापासून ह्या सिनेमापर्यंत, एकही रेघ श्वास धरून ओढलेली नाही.

मला ती परत हवी आहे. सरळ लिहिते आज. बोलायला जमत नाही, माफी तर नाहीच नाही, पण निदान पडद्यावर तिच्या नावातून पुढचं नाव निघू दे. ते बघून तिला कळेल. कळायलाच हवं.

म्हणून मागे हटणार नाही. उडत गेलं पुढचं काम!

१९ मार्च

जिंकले! जिंकले! जिंकले!

दुपारी घुम्याचा फोन. आधी ओळखलाच नाही, आवाज माहीत असायला हवा ना! म्हणाला, "मी आज आयुष्यात पहिल्यांदा निर्मात्यांशी भांडलो. तुम्ही त्या दिवशी बोललात ते डोक्यातून जाईना. नामावली तुमचीच लागणार. सगळी नावं. मलाही ते नाव हवंच होतं." मग म्हणाला, "तुमच्या ताईंना मी कळवतो."

"कळवा की!" म्हटलं. अगदी ऐटीत.

आईला ओढून स्वयंपाकघरात गोल फिरवलं. ती म्हणाली, "सोड मेले, पडेन!" पण हसत नव्हती. तिचं वय झालंय, चक्कर आली असेल.

सिनेमाची शेवटची प्रत बावीसला जायची आहे. कागद उद्या देते.

२० मार्च

कागद नेऊन दिले. मधाच्या बोटाने स्वतः पोच लिहून दिली. "तुमच्यापुढे हात टेकले, मॅडम," म्हणाले. टेकाच!

२१ मार्च

सकाळी ऑफिसातून माझाच गठ्ठा परत आला. आणणारी ताई. नऊ महिन्यांनी. चपला न काढता दारातूनच बोलायला लागली.

"माझं नाव खोड. मीच सांगितलं होतं त्यांना. एकदा नाही, तीनदा लिहून दिलं. मी कापलेला सिनेमा हा नव्हे, ह्याला माझं नाव नको. ते बिचारे ऐकत होते माझं! आणि तू सगळ्या गावाशी भांडलीस. मला एकदा तरी विचारलंस का गं?"

नाही विचारलं. अठरा दिवस तिच्यासाठी भांडले आणि तिलाच एक फोन केला नाही.

उद्या प्रत जायची. सात सेकंद नुसती रेघ राहील, असं ठरलंय. ताई शेजारी बसून एकेक कागद हातात देते आहे आणि मी तिला खोडते आहे.